जुनी सुतारी हत्यारं स्वस्तात कशी शोधायची: काय उचलायचं, काय ठेवून द्यायचं

जुन्या बाजारात पथारीवर दोन रंधे शेजारी शेजारी पडलेले असतात. एक तांबड्या गंजाने माखलेला, मूठ मोडलेली, पातं जागच्या जागी आवळून बसलेलं. दुसऱ्याला नुकताच काळा रंग दिलेला, पितळी बोंडं घासून लखलखीत केलेली. गिऱ्हाईक दुसऱ्याकडे वळतं. मी आधी पहिला उचलतो. गंज निघतो, मूठ चिकटवता येते, पातं सुटतं. रंगाखाली काय दडलंय ते मात्र रंग खरवडल्याशिवाय कळत नाही.

हे मी पैसे घालवून शिकलो. सुरुवातीला एक लांब रंधा असाच नवा रंग बघून घेतला. घरी तळ घासायला बसलो, तर तोंडाच्या, म्हणजे पातं बाहेर येतं त्या फटीच्या, कोपऱ्यातून निघून बाजूच्या भिंतीत चढलेली केसाएवढी चीर दिसली. चीर रंगाने भरून काढलेली होती. अशी चीर गेलेला रंधा दाब पडला की तळातून लवतो आणि पातं थरथरतं. तो रंधा मी पुढे फक्त सुट्या भागांसाठी वापरला. तेव्हापासून कुठलंही हत्यार हातात घेतलं की मी एकच हिशेब करतो: यातलं काय दुरुस्त होण्यासारखं आहे आणि काय नाही. खाली जे लिहिलंय ते सगळं याच हिशेबाचे तपशील आहेत.

निघण्याआधी यादी करा

यादी नसेल तर माणूस स्वस्त मिळालं म्हणून पाचवा रंधा घेऊन येतो आणि घरात एक धड पटाशी नसते. हाताने लाकूडकाम सुरू करणाऱ्याला फार लागत नाही. साधारण 14 इंच लांबीचा एक रंधा जाड काढायला, 9 ते 10 इंचांचा एक गुळगुळीत करायला. पाव, अर्धा, पाऊण आणि एक इंच रुंदीच्या चार पटाश्या. आडवं कापायची एक करवत आणि बारीक सांधेकामासाठी पाठीवर पट्टी असलेली एक. काटकोन बघायला एक गुण्या, कडेला समांतर रेघ आखायला एक खतावणी. बाकी सगळं नंतर, काम अडेल तसं.

पिशवीत काय ठेवायचं तेही ठरलेलं असू द्या. सहा इंची पोलादी पट्टी, छोटा टॉर्च, भिंग, मध्यम आकाराचा स्क्रू ड्रायव्हर, लहानसं चुंबक, जुनं फडकं आणि गुंडाळायला भरपूर वर्तमानपत्र. पट्टी सपाटपणा बघायला, टॉर्च चिरा शोधायला. चुंबकाने पितळ खरं की नुसता मुलामा ते जागेवर कळतं. वर्तमानपत्र विसरू नका. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ठिसूळ असतं आणि पिशवीत दोन रंधे एकमेकांवर आपटले की एकाचा कान उडतो.

कुठे आणि कधी

जुन्या वस्तूंचा आठवडी बाजार, घर किंवा कारखाना रिकामा करताना होणारी विक्री, लिलाव, भंगारवाल्याचा ढीग आणि जालावरच्या जाहिराती या पाच ठिकाणी हत्यारं निघतात. पुराणवस्तूंच्या दुकानातही असतात, पण तिथे ती शोभेची वस्तू म्हणून विकली जातात आणि भावही शोभेचाच असतो.

मला स्वतःला घर रिकामं करतानाची विक्री सगळ्यांत आवडते. तिथे एकाच माणसाची हत्यारं एकत्र सापडतात, आणि एक हत्यार नीट ठेवलेलं दिसलं की बाकीचीही तशीच असणार हे कळतं. तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली पटाशी, करवतीच्या दातांवर बसवलेली चिरलेली नळी, पात्याला लावलेलं मेण. हे दिसलं की पेटीच्या तळापर्यंत जा. आणि विचारा, "यांच्यासोबत अजून काय होतं? माळ्यावर काही राहिलंय का?" कितीदा तरी खरी चांगली वस्तू अजून बाहेर काढलेलीच नसते, कारण ती काय आहे हे घरच्यांना माहीत नसतं.

बाजारात मात्र पहाटे पोचा, म्हणून टॉर्च. व्यापारी माल उतरवत असतात तेव्हाच जाणकार फिरून गेलेले असतात. ते जमत नसेल तर शेवटच्या तासाला जा. निवड कमी उरते, पण जड लोखंड परत उचलून न्यायला कुणालाच नको असतं, त्यामुळे भाव पडतो. मधल्या वेळेत गर्दी असते, निवांत बघता येत नाही.

पथारीवर मांडलेल्या वस्तूंपेक्षा पथारीखालचे खोके महत्त्वाचे. पाने, पक्कड, गंजके खिळे, तुटके नळ अशा मिश्र खोक्यात रंध्याचं सुटं पातं, दांडा नसलेली पटाशी, गिरमिटाचे सामते, म्हणजे भोक पाडायची पाती, पडलेले असतात. दांडा नसलेल्या पटाशीकडे कुणी बघत नाही. दांडा घडवणं हे संध्याकाळभराचं काम आहे. पटाशीच्या पोलादाचं तसं नाही.

जाहिरातीत बघून घ्यायचं असेल तर फोटो मागून घ्या: तळाचा, तोंडाचा, दोन्ही बाजूंचा आणि पातं काढून त्याच्या मागच्या बाजूचा. विकणारा यातला एखादा फोटो टाळत असेल तर तिथेच थांबा. विकणाऱ्यांनाही रंध्यांची "जॅक प्लेन" वगैरे नावं ठाऊक नसतात, म्हणून "जुनी हत्यारं", "आजोबांची पेटी", "लोखंडी सामान" असे शब्द घालून शोधा.

रंधा: दोन मिनिटांची तपासणी

लोखंडी रंध्यावर जास्त वेळ घालवतो, कारण यात फसायला सर्वांत जास्त जागा आहेत. आपण ज्याला लोखंडी रंधा म्हणतो त्याची घडण बहुतेक लेनर्ड बेली या अमेरिकन कारागिराची. 1869 मध्ये स्टॅन्ली कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि पुढे जगभर त्याच्या नकला झाल्या. त्यामुळे एका रंध्याचे भाग ओळखता आले की बहुतेक सगळ्यांचे येतात.

विकणाऱ्याला विचारून रंधा उघडा. वरची दाबायची टोपी सोडवा, पातं आणि त्याला स्क्रूने जोडलेली दुसरी पट्टी बाहेर काढा. आता समोर उरते ती तिरकी बैठक, जिला फ्रॉग म्हणतात, आणि बिडाचा सांगाडा.

पहिल्यांदा तोंड बघा. तळातल्या त्या आडव्या फटीचे चारही कोपरे टॉर्चखाली धरा. चिरा बहुधा तिथूनच सुरू होतात. मग फटीपासून बाजूच्या भिंतींवर जिथे तळ आणि भिंत जुळते त्या रेषेने बोट फिरवा. रंधा जमिनीवर पडला असेल तर तो तिथे तडकतो. पिवळसर रेघ दिसली तर ती पितळेने जोडलेली जुनी चीर. चांगली जोडलेली असेल तर रंधा चालतो, पण त्याला पूर्ण भाव देऊ नका. तोंडाची पुढची कड ठिकऱ्या उडालेली असेल तर बारीक काम होणार नाही. जाड काढायला चालेल. बोटाच्या टोकावर तोलून सांगाड्याला नखाने टिचकी मारून बघतात, साबूत बीड घुमतं आणि तडकलेलं बद्द वाजतं. मला ही खूण पुरेशी वाटत नाही. डोळ्यांवर विश्वास ठेवा.

मग तळ. पोलादी पट्टी कडेवर उभी धरून तळावर लांबीत ठेवा आणि उजेडासमोर बघा. मधोमध किंचित पोकळ असेल तर काळजी नाही, घासून निघतो. पुढचं टोक, तोंडाची पुढची कड आणि मागचं टोक एका पातळीत आले की काम होतं. पण तळ पिळवटलेला असेल, म्हणजे पुढचा उजवा आणि मागचा डावा कोपरा वर, तर लांब रंध्यात तो सरळ करायला फार बीड काढावं लागतं. तसा सोडून द्या.

फ्रॉगच्या मागचं पितळी चाक फिरवा. फिरत नसेल तर बहुधा गंज, तेलाने सुटतो. पण दातरी लागून चाक नुसतंच फिरत असेल तर आटे गेले. आणि आटे ही इथली मोठी अडचण आहे. स्टॅन्लीच्या जुन्या रंध्यांचे स्क्रू आज दुकानात मिळणाऱ्या मापांचे नाहीत. फ्रॉगचे स्क्रू एका वेगळ्याच मापाचे, पितळी चाकाचा खिळा तर उलट्या आट्यांचा. म्हणून हरवलेला एक बारीक स्क्रू मोडलेल्या मुठीपेक्षा जास्त महाग पडतो. सगळे स्क्रू मोजा. मूठ आणि पुढचं बोंड धरणाऱ्या दांड्या, फ्रॉगचे दोन, टोपीचा एक, दोन पट्ट्या जोडणारा एक.

पात्यात दोन गोष्टी बघायच्या. किती उरलंय आणि मागची बाजू कशी आहे. पात्याच्या मधल्या लांब फटीपासून धारेपर्यंत बोटभर पोलाद उरलं असेल तर वर्षानुवर्षं पुरेल. मागच्या बाजूला, धारेजवळच्या दोन सेंटिमीटरमध्ये, गंजाचे खोल खड्डे असतील तर धार कधीच अखंड होणार नाही. प्रत्येक खड्डा धारेवर आला की तिथे खाच. तरीही पातं खराब म्हणून रंधा सोडू नका. नवं पातं विकत मिळतं, नवा सांगाडा मिळत नाही.

मूठ तुटलेली असेल तर उलट आनंद माना, त्याने भाव उतरतो. सरळ चिरलेली मूठ गोंदाने जोडली की आयुष्यभर टिकते.

आकार आकड्याने ओळखतात. 4 क्रमांक सुमारे 9 इंच लांब आणि 2 इंच पात्याचा, 5 क्रमांक 14 इंच, 6 क्रमांक 18 इंच, 7 क्रमांक 22 इंच, 8 क्रमांक 24 इंच. इंग्लंडच्या शेफील्डमधल्या रेकॉर्ड कंपनीने 1931 पासून असेच रंधे काढले आणि आकड्याआधी शून्य लावलं, म्हणून 04, 05, 07. पहिला रंधा घ्यायचा तर 5 क्रमांकाचा घ्या. भरपूर बनले, म्हणून स्वस्त असतात. 1 क्रमांकाचा चिमुकला रंधा कधी दिसला तर त्याला संग्राहकांचा भाव असतो आणि नकलाही खूप आहेत. काम करणाऱ्याने त्याच्या नादी लागू नये.

स्टॅन्लीच्या रंध्याचं वय सांगाड्यावर कोरलेलं असतं. फ्रॉगच्या मागे तीन पेटंट तारखा, दोन 1902 च्या आणि एक 1910 ची, असतील तर तो साधारण पहिल्या महायुद्धाच्या काळातला. फ्रॉग पुढे-मागे करायचा स्क्रू 1907 च्या सुमारास आला. बैठकीचा हा स्क्रू असला की तोंड अरुंद-रुंद करणं सोपं जातं. वयाला मी एवढंच महत्त्व देतो की दोन महायुद्धांच्या मधले बहुतेक रंधे नीट घडवलेले असतात. "हँडीमॅन" असं लिहिलेले स्टॅन्लीचेच रंधे घरगुती वापरासाठी स्वस्तात काढलेले होते. त्यांत जुळवाजुळवीची सोय कमी असते. तेही चालतात, फक्त 5 क्रमांकाच्या भावात घेऊ नका.

पटाशी

पटाशी उलटी करा. पुढची, तासलेली बाजू कितीही मोडकी असली तरी ती घासून नवी होते. पाठ हाच तिचा जीव. धारेपासून निदान बोटभर लांब पाठ खड्ड्यांशिवाय हवी. पट्टी लावून बघा: पाठ किंचित पोकळ असेल तर उत्तम, फुगीर असेल तर घासण्यात कित्येक संध्याकाळी जातील.

मग धारेकडे निळा किंवा जांभळा पट्टा आहे का ते बघा. कुणीतरी यंत्राच्या सहाणेवर पटाशी तापवली असेल तर पोलादाचं पाणी उतरतं. पोलाद सुमारे 220 अंशांवर गवती पिवळं होतं आणि 290 च्या पुढे निळं. निळं झालेलं पोलाद मऊ असतं, धार धरत नाही. पट्टा दोन-तीन मिलिमीटरचा असेल तर तेवढं काढून टाकता येतं. बोटभर असेल तर ठेवून द्या. शंका असेल तर विकणाऱ्याला विचारून टोकाच्या कोपऱ्यावर बारीक कानस हलकेच घासा. कानस घसरली तर पोलाद कडक, चावली तर मऊ.

डब्याची झाकणं उघडायला वापरलेली पटाशी टोकाला वाकलेली असते. उजेडासमोर एक डोळा मिटून बघितलं की कळतं. दांडा बसतो ती खोबण हातोड्याच्या घावांनी छत्रीसारखी पसरली असेल तर कानशीने कडा काढता येतात, पण चिरली असेल तर नाही.

पटाशीवर "कास्ट स्टील" असा ठसा दिसला की बरेच जण बीड समजून ठेवून देतात. तसं नाही. शेफील्डच्या बेंजामिन हंट्समनने 1740 च्या दशकात मुशीत वितळवून पोलाद करायची पद्धत आणली. त्या मुशीच्या पोलादाला हा ठसा मारत. असा ठसा असलेली पटाशी सहसा जुनी आणि चांगली निघते. ती धार पटकन घेते, दगडावर हात थांबवला तरी कळतं. मला माझ्या संग्रहातली सर्वांत प्रिय पटाशी याच ठशाची, अर्धा इंची, एका खोक्यात छिन्न्यांच्या खाली सापडलेली. तिच्यावर गंजाचा कोट इतका जाड होता की ठसा सोडा, रुंदीही नीट कळत नव्हती. बोटाने पाठ चाचपली तर गुळगुळीत लागली, तेवढ्यावर घेतली.

करवत

करवत हातात धरून पात्याच्या कडेवरून बघा, बंदुकीची नेम धरल्यासारखी. पातं पूर्ण लांबीत एका बाजूला वाकलेलं असेल तर ते हाताने सरळ करता येतं. पण एका जागी घडी पडल्यासारखा मोड असेल, बोटाला कड लागत असेल, तर पोलाद तिथे ताणलं गेलंय. ते सरळ करणं कसबी माणसाचं काम आहे. टिचकी मारून आवाज ऐका. करवतीच्या बाबतीत हा उपाय खरोखर उपयोगी पडतो. चांगलं पातं बराच वेळ गुणगुणतं.

दात बोथट असणं हा दोष नाही. धार लावणं हा करवतीचा रोजचा आहार आहे. दोष म्हणजे एकामागोमाग चार-पाच दात तुटलेले असणं. आणि दातांची टोकं निळसर काळी दिसली तर ती करवत नुसती टोकापुरती कडक केलेली आहे. त्या दातांवर कानस चालत नाही, बोथट झाली की फेकायची. ती जुनी नाही आणि स्वस्तही नाही.

दात जवळून बघा. टोक छिन्नीसारखं सरळ घासलेलं असेल तर ती उभी, म्हणजे रेषेच्या दिशेने कापायची. सुरीसारखं तिरकं घासलेलं असेल तर आडवी. एका इंचात 4 ते 7 दात उभ्या करवतीला, 8 ते 12 आडव्या करवतीला. चुकीचे दात असलेली करवतही घेता येते, पुन्हा घासून दात बदलतात.

पात्याची उंची टोकाकडे अगदी थोडी उरली असेल तर ती पुष्कळदा घासून झिजलेली आहे. मुठीच्या स्क्रूंपैकी एकावर गोल पदक असतं. फिलाडेल्फियात 1840 मध्ये सुरू झालेल्या डिस्टनच्या करवतींवर त्या पदकावरून काळ ठरवता येतो: नावापुढे "अँड सन्स" असेल तर ती साधारण 1871 नंतरची. "वॉरंटेड सुपीरियर" एवढंच असलेलं पदक बऱ्याच कंपन्या दुसऱ्या प्रतीच्या मालावर लावत. चांगल्या निघतात, पण नावाचा भाव देऊ नये. नाव पात्यावर कोरलेलं असतं, गंजाखाली दिसत नाही. तिरका टॉर्च धरला की अक्षरं पुसट उमटतात. म्हणून घरी पातं खसाखसा घासू नका, ते नाव उडून जातं.

मुठीचं शिंग तुटलेलं असतंच. त्यासाठी अडून बसू नका.

लाकडी रंधे, गिरमिट, गुण्या

लाकडी रंध्याला आधी किडे बघा. बारीक गोल भोकं जुनी असतील तर हरकत नाही, पण भोकाखाली ताजं पिठूळ दिसलं तर तो घरात आणूच नका. मग पाचर. ती दोन्ही बाजूंनी नीट बसली पाहिजे, आणि ज्या खाचांत बसते त्यांना चीर नको. तळ वारंवार रंधून तोंड रुंद झालं असेल तर लाकडाचा तुकडा बसवून ते पुन्हा अरुंद करता येतं. गोल-गलत्याचे, म्हणजे लाकडाला गोलाई देणारे, रंधे जोडीने बनत, एक फुगीर तर दुसरा पोकळ, दोघांवर एकच आकडा. पूर्ण संच 18 जोड्यांचा असे, अर्धा 9 जोड्यांचा. एखादी जोडी मिळाली तरी घ्या, सुटा एक सोडून द्या. त्यांच्या पुढच्या टोकावर बनवणाऱ्याचा ठसा आणि मालकांची नावं असतात, काहींवर तीन-तीन पिढ्यांची.

गिरमिटाचं तोंड पूर्ण मिटतं का, आतले जबडे शाबूत आहेत का आणि उलटं-सुलटं फिरायची कळ चालते का, एवढंच बघा. सामत्यांच्या दांड्यावरचा आकडा इंचाच्या सोळाव्या भागात असतो, म्हणजे 8 म्हणजे अर्धा इंच. टोकाचा बारीक स्क्रू झिजलेला असेल तर सामता लाकडात ओढून घेणार नाही. तो दुरुस्त होत नाही.

गुण्या तिथेच तपासता येतो. खोक्याची सरळ कड शोधा, गुण्या टेकवून पेन्सिलने रेघ मारा, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी. दोन रेघा जितक्या फाकल्या त्याच्या निम्मी चूक. थोडी चूक असेल तर कानशीने सुधारते.

अनेक पात्यांचे, जोडभागांचे रंधे मोह घालतात. त्यांच्या पात्यांची पेटी आणि सगळे बारीक भाग सोबत नसतील तर ते घेऊ नका.

भाव

माझा नियम साधा आहे. त्याच कामाचं चांगलं नवं हत्यार काय पडेल ते आधी माहीत करून घ्यायचं, मग दुरुस्तीला लागणारं साहित्य आणि आपले तास त्यातून वजा करायचे. उरतं त्याच्या निम्म्यापेक्षा जास्त द्यायचं नाही. चिरा नाहीत, सगळे स्क्रू आहेत, पात्यात पोलाद आहे असं हत्यार मात्र घासाघीस न करता घ्यायला मी मागेपुढे बघत नाही.

भाव करताना दोष दाखवा, पण खरे. "मूठ तुटली आहे, ती मला नवी करावी लागेल" हे बोलणं योग्य आहे. "हे भंगार आहे" हे नाही, विशेषतः घरच्यांकडून घेताना. ते हत्यार कुणाच्या तरी वडिलांच्या हातचं असतं. घरच्यांना एखाद्या वस्तूची किंमतच माहीत नसेल आणि ती संग्राहकांच्या बाजारातली निघाली, तर मी ते सांगून टाकतो. असं सांगितल्यावर पेटीतल्या बाकीच्या वस्तू लोक मनापासून देतात, हा माझा अनुभव आहे.

एकापेक्षा जास्त वस्तू एकत्र करून एकच भाव विचारणं सर्वांत सोपं. हवी असलेली वस्तू ढिगात मध्यभागी ठेवा, सोबत दोन-तीन सुटी पाती, एखादी कानस. दुरुस्तीला पुढे तेच भाग लागतात.

घरी आणल्यावर

आधी फोटो काढा, मग सोडवा. सगळे स्क्रू एका बशीत. अडकलेल्या स्क्रूवर पातळ तेल टाकून रात्रभर ठेवा. जोर करायचा तर खाचेत अगदी नेमका बसणारा स्क्रू ड्रायव्हर हवा, नाहीतर डोकं फुटतं.

वरवरचा गंज असेल तर तेल आणि बारीक पोलादी लोकर पुरेशी. करवतीच्या पात्यावर काही वापरायचंच असेल तर पाण्याचा सँडपेपर लाकडाच्या ठोकळ्यावर गुंडाळून, लांबीच्या दिशेने, नावाच्या जागेवर हलक्या हाताने. जाड गंजासाठी पातं किंवा छोटे लोखंडी भाग साध्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवा. सकाळी काढा, घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून आम्ल मारा आणि लगेच पूर्ण कोरडे करून तेल लावा. नाहीतर तासाभरात नवा गंज चढतो. दोन-तीन दिवस आम्लात विसरलेलं पोलाद काळं आणि खरखरीत होतं, म्हणून घड्याळ लावा.

मोठ्या सांगाड्यासाठी विजेची पद्धत चांगली. प्लॅस्टिकच्या टबात चार-पाच लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. हत्याराला 12 व्होल्टच्या चार्जरची ऋण तार, टाकाऊ लोखंडाच्या तुकड्याला धन तार, आणि दोघांचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. तारा उलट्या लागल्या तर आपलंच हत्यार खाल्लं जातं. टाकाऊ तुकडा स्टेनलेसचा कधीही नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन वायू निघतो म्हणून हे काम उघड्यावर, ठिणगीपासून दूर. टबात हात घालण्याआधी वीज बंद. पितळी आणि लाकडी भाग आधीच काढून ठेवलेले असू द्या.

जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नका. ओला करून खरवडा.

धारेच्या वेळी पाठीपासून सुरुवात. काचेवर किंवा सपाट दगडावर पाठ घासा, धारेजवळचा पट्टा आरशासारखा एकसंध चमकेपर्यंत. सुरुवातीला फक्त कडा चमकतात आणि मधे राखाडी बेट उरतं. ते बेट हळूहळू आक्रसत जातं, आणि धारेला टेकलेला त्याचा शेवटचा कोपरा जाईपर्यंत थांबायचं नाही. मग 25 अंशांचा उतार, टोकाशी 30. यंत्राच्या सहाणेवर घेणार असाल तर दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा, बोटाला चटका लागायच्या आत.

मुठींना अळशीचं उकळलेलं तेल पातळ हाताने. ज्या फडक्याने ते लावलं ते चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल वाळताना तापतं आणि अशा बोळ्याला आपोआप आग लागते. फडकं पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

सगळं जोडून झालं की पातं अगदी थोडं बाहेर काढा आणि मऊ, सरळ रेषेच्या लाकडाच्या कडेवर रंधा चालवा. छिलका तुटक येत असेल तर आधी पात्याला जोडलेल्या पट्टीची कड बघा. ती पात्यावर पूर्ण टेकत नसेल तर फटीत छिलके अडकतात. कड दगडावर दोन मिनिटं घासली की सुटतं. रंधा उड्या मारत असेल तर फ्रॉगचे स्क्रू पुन्हा आवळा आणि बैठकीखाली घाण राहिली आहे का ते बघा. पात्याएवढा रुंद, कागदासारखा पातळ छिलका सलग निघायला लागला की तळाला मेणाची एक रेघ ओढा आणि कामाला लागा.